यूपीएसची वायर जोडली, पण लाईट गेल्यावर नॅसला कळलंच नाही

सांगलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांचं शूटिंग, अल्बमच्या डिझाइन फाइल्स, सगळं चार डिस्कच्या एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरना वापरता येणाऱ्या साठवणुकीच्या यंत्रावर असतं. लाईट अचानक गेली की अशा यंत्राचं काय होतं हे आधी सांगतो, कारण फसवणारा नेमका तिथेच हात मारतो. फाइल कॉपी झाल्यासारखी दिसते, पण तिचा काही भाग अजून तात्पुरत्या मेमरीतच असतो. त्या क्षणी वीज गेली तर तो भाग गेला. रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून तो अनेक डिस्कवर विभागून ठेवायची पद्धत) असेल तर डेटा आणि पॅरिटी, म्हणजे गेलेला डेटा परत काढण्यासाठीचा हिशेब, यांचा मेळ चुकू शकतो, आणि ते पुढे एखादी डिस्क खराब होईपर्यंत लक्षातही येत नाही. म्हणून नुसता यूपीएस पुरत नाही. लाईट गेल्याचं यूपीएसने नॅसला वायरवरून कळवायचं आणि बॅटरी संपायच्या आत नॅसने सगळं लिहून पूर्ण करून बंद व्हायचं. घरचा इन्व्हर्टर हे काम करत नाही, कारण त्याला नॅसशी बोलताच येत नाही.

हे करून देतो म्हणून एका दुकानदाराने आम्हाला १ केव्हीएचा यूपीएस दिला. ‘ऑटो शटडाऊन सेटिंग’चे दीड हजार वेगळे घेतले. त्याचा माणूस मंगळवारी दुपारी आला, यूपीएसच्या मागच्या चौकोनी यूएसबी सॉकेटमधून नॅसला वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी केलं आणि म्हणाला, “दादा, आता डेमो बघा.” यूपीएसचा प्लग काढला. यूपीएस ओरडायला लागला. “थोडं थांबा, लगेच बंद करत नसतात.” गप्पा मारत त्याने वेळ काढला आणि खरंच, नॅसने बीप देऊन नीट शटडाऊन घेतलं. आम्ही समाधानाने पैसे दिले.

त्याच आठवड्यात रात्री वादळ झालं. लाईट बराच वेळ गेली. सकाळी नॅस चालू केला तर पहिलीच सूचना होती की यंत्र अयोग्य रीतीने बंद झालं आहे. मग तासन् तास तपासणी चालली. आदल्या संध्याकाळी एका हळदीच्या कार्यक्रमाचं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड नॅसवर कॉपी होत होतं, त्यातल्या बऱ्याच रॉ फाइल्स, म्हणजे कॅमेऱ्यातले मूळ फोटो, उघडेनात. कार्ड अजून पुसलेलं नव्हतं म्हणून त्या कुटुंबाचे फोटो वाचले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, “वादळात बॅटरी लवकर उतरते, सेटिंग ओके आहे.”

पुढच्या मंगळवारी दुपारी लाईट असताना नॅस आपोआप बंद पडला. वेळ डेमोचीच! नॅसच्या सेटिंगमधलं पॉवर शेड्यूलचं, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद करण्याचं पान उघडलं आणि सगळा उलगडा झाला. दर मंगळवारी त्या वेळेला शटडाऊन, अशी नोंद तिथे होती. त्या माणसाने काही मिनिटं पुढची वेळ लावली होती, मग प्लग काढला होता, आणि जाताना नोंद पुसायला विसरला होता. नॅसच्या सेटिंगमधल्या यूपीएसच्या पानावर टिक केलेली होती, पण उपकरणाच्या माहितीची जागा रिकामी. दुसऱ्या तंत्रज्ञाकडून यूपीएस उघडून घेतला तेव्हा सॉकेटच्या मागे एकही वायर नव्हती. हे मुद्दाम केलेलं काम आहे, आणि याचा मला अजून संताप येतो.

तुमच्याकडे कुणी असं बसवून दिलं असेल तर नॅस बंद होताना बघून समाधान मानू नका. यूपीएसच्या पानावर त्याचं मॉडेल आणि बॅटरीची टक्केवारी दिसलीच पाहिजे. यूएसबी वायर उपसली की संपर्क तुटल्याची सूचना यायला हवी. भिंतीचा प्लग काढला की नॅसने स्वतः ‘बॅटरीवर’ असं सांगायला हवं. बरेच नॅस यासाठी आतून नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे ‘नट’, वापरतात. त्यात ओएल म्हणजे लाईनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. खरेदीआधी आपल्या नॅस कंपनीच्या सुसंगत यूपीएसच्या यादीत ते मॉडेल शोधा. आमच्या बिलावर फक्त ‘यूपीएस १ केव्हीए’ एवढंच होतं आणि दुकानदाराने त्याचाच आधार घेतला. मॉडेल, सीरियल नंबर आणि ‘ऑटो शटडाऊनसह’ हे शब्द बिलावर लिहून घ्या.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवल्यावर दुकानदाराने यूपीएसचे पैसे परत केले. सेटिंगचे दीड हजार द्यायला मात्र तयार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फी लागत नाही. कागद जमवतो आहे. शेड्यूलच्या पानाचा स्क्रीनशॉट त्यात सगळ्यात वर आहे.

हा माणूस दवाखान्यांत आणि सीएंच्या ऑफिसांतही हेच बसवून देतो असं त्यानेच आम्हाला सांगितलं होतं. तुमच्याकडे असा डेमो झाला असेल तर आजच पॉवर शेड्यूलचं पान उघडून बघा. नोंद सापडली तर पुसण्याआधी फोटो काढून ठेवा.