सेकंड लाइफ व्ह्यूअर स्वतः बिल्ड करायचाय: लिंडन लॅबचा की फायरस्टॉर्म?

सेकंड लाइफ हे ऑनलाइन आभासी जग, आणि त्यात शिरायचा प्रोग्रॅम म्हणजे व्ह्यूअर. हे जग चालवणाऱ्या लिंडन लॅबने जानेवारी 2007 मध्ये व्ह्यूअरचा कोड खुला केला, म्हणून कोडवरून तो स्वतः तयार (बिल्ड) करता येतो. फायरस्टॉर्म हा दुसरा व्ह्यूअर त्याच कोडवर उभा आहे. दोन्ही गिटहबवरून क्लोन होतात, दोन्हींना पायथनमधलं ऑटोबिल्ड हे टूल लागतं. तयार लायब्ररी तेच उतरवून घेतं. बिल्ड व्हेरिएबल्सची (बिल्डच्या सेटिंग्जची) रेपॉझिटरी मात्र वेगळी क्लोन करून तिच्या फाइलचा पाथ एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्यावा लागतो. तो विसरलो आणि कॉन्फिगरलाच गाडी अडली. अख्खी संध्याकाळ गेली. ही फाइलही ज्या त्या व्ह्यूअरचीच घ्या.

हॅवोक हे फिजिक्स इंजिन मालकी हक्काचं, त्यामुळे खुल्या बिल्डमध्ये दोन्हीकडे नाही.

सुधारणा मूळ व्ह्यूअरमध्ये जावी असं वाटत असेल तर लिंडन लॅबचाच कोड घ्या. रोजच्या वापरासाठी मी फायरस्टॉर्म निवडला, सेटिंग्ज भरपूर आहेत म्हणून.