वॉर्डात येणारी लस: आमच्या रुग्णालयातील कर्मचाऱ्यांसाठीची फ्लू लसीकरण सेवा

पुण्यातील एका खासगी रुग्णालयात मी परिचारिका आहे. गेल्या वर्षीपर्यंत आमच्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस ओपीडीतील एका खोलीत दुपारी दोन तास मिळत असे. परंतु ड्युटीवरची सिस्टर रुग्ण सोडून खाली कशी जाणार आणि नाईट करून घरी गेलेली दुपारी परत कशी येणार, याचा विचार झालेला नव्हता. खोली रिकामी राही आणि उदासीनतेचा ठपका आमच्यावर येई.

यंदा मे महिन्यात संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर सकाळच्या हँडओव्हरला, म्हणजे दोन्ही पाळ्या हजर असताना, आइसपॅक भरलेला लसीचा डबा घेऊन स्वतः प्रत्येक वॉर्डात आल्या. वेळही योग्य निवडली होती, कारण आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात जोर धरतो आणि लसीचा प्रभाव सुरू व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यातच घेतला, हे या शहरात काम करणाऱ्यांनी विसरू नये.

मला सर्वांत भावले ते त्यांचे बोलणे. आमच्या मावशींनी ‘गेल्या साली सुई घेतली तरी सर्दी झालीच की,’ असे म्हटल्यावर त्या स्टुलावर बसल्या आणि ही लस इतर विषाणूंच्या सर्दीवर चालत नाही, फ्लूपासूनही शंभर टक्के वाचवत नाही, पण आजार गंभीर होण्याचा धोका कमी करते, असे त्यांनी सरळ सांगितले. लसीतील विषाणू निष्क्रिय असल्याने तिच्यामुळे फ्लू होत नाही, फार तर एखाद-दोन दिवस दंड दुखतो किंवा कणकण येते. उलट फ्लू झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासूनच तो पसरवू शकतो, हे ऐकून मावशींनी केमोच्या रुग्णांच्या खोलीकडे पाहिले. ‘पोछा कोणत्या हाताने मारता?’ असे विचारून सिस्टरांनी दुसऱ्या दंडात लस दिली.

एक उणीव मात्र गंभीर आहे. कंत्राटी सुरक्षारक्षक आणि कॅन्टीनमधील मुले यादीतच नव्हती. कॅज्युअल्टीच्या दारात खोकणाऱ्या रुग्णाला सर्वांत आधी आधार देतो तो रक्षकच, तेव्हा त्यांच्यासाठी पावसापूर्वी आणखी एक फेरी काढावी, असा अर्ज आम्ही वॉर्डातील सर्वांच्या सह्यांनिशी दिला आहे.