दिल्लीतली एक बिअर, ३१ हजारांना

कामासाठी दिल्लीला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेस होती, म्हणजे एक रात्र मोकळी. कॅनॉट प्लेसला जेवून करोल बागच्या हॉटेलकडे निघालो, तर रिक्षावाला म्हणाला, "सर, अकेले हो? डान्स क्लब देखोगे? एन्ट्री फ्री है." फुकट म्हटल्यावर आपली पावलं कशी वळतात, ते वेगळं सांगायला नको. गिऱ्हाईक आणून दिल्याबद्दल त्याला दारातच कमिशन मिळत असणार, हे डोक्यात आलं ते दुसऱ्या दिवशी.

जिना चढून वर गेलो. बाउन्सरने मनगटावर जांभळा शिक्का मारला. आत अंधार, ढणाढणा गाणी. वेटरने मेन्यू माझ्या हातात दिलाच नाही. स्वतःच धरून मोबाइलच्या उजेडात दाखवला, आणि त्याचा अंगठा नेमका किमतींवर. तेव्हाच उठायला हवं होतं. मी एक बिअर सांगितली.

पाच मिनिटांत एक मुलगी शेजारी येऊन बसली. मैत्रिणीची वाट बघतेय म्हणाली. तिने व्होडका मागवली, मग आणखी दोन, मग कसलंसं प्लॅटर. माझी मान गाण्यावर हलत होती की होकारार्थी, याचा अर्थ वेटरने सोयीने लावला. एकदा चुकून तिचा ग्लास उचलला गेला, तर आत नुसतं लिंबू सरबत.

बिल आलं ३१,४६० रुपये. मुलगी तोवर गायब. दारूसकट सगळ्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावलेला. दारू जीएसटीत येतच नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. वर १० टक्के सर्व्हिस चार्ज. तो बिलात आपोआप लावता येत नाही, असं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच बजावलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलंय. हे सगळं मी हॉटेलवर पोचल्यावर वाचलं. टेबलावर असताना फक्त घाम फुटला होता.

कुणी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. एक बाउन्सर खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "सर, फॅमिलीवाले लगते हो. पुलिस बुलाएँ?" त्यांचा धंदा या एका वाक्यावर चालतो. एकट्या प्रवाशाला पैशांपेक्षा अब्रूची भीती जास्त, हे त्यांना पक्कं ठाऊक. "बुलाओ" म्हणून मीच ११२ लावायला हवा होता. त्याऐवजी मी कार्ड काढलं आणि पिन टाकला.

बँकेत फोन केला तर उत्तर मिळालं, पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार तुमच्या मर्जीचा. बिल मात्र मी खिशात टाकून आणलं होतं, त्या भरवशावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत.

शिक्का गाडीत साबणाने घासला, तरी गेला नाही. पुण्यात उतरलो तो बाहीची बटणं लावून. बायकोने दारातच विचारलं, "एवढ्या उकाड्यात?" मग सगळं सांगून टाकलं. तिने बिल मागून घेतलं, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, "पाण्याच्या दोन बाटल्या बाराशेला?"