नववीच्या ‘बहुपदी’साठी जिओजेब्राचा कॅल्क्युलेटर : वर्षभर वापरून झाल्यावर

पतसंस्थेतून साडेसातला घरी आले की माझ्याकडे पाच मुलं अभ्यासाला बसतात. भाची आणि तिच्या गल्लीतली चौघं. नववी-दहावी, मराठी माध्यम, राज्य मंडळ. मी शिक्षिका नाही. गणितात बीएस्सी केलं होतं आणि बीजगणित अजूनही मनापासून आवडतं, म्हणून बसते. पाचही जण हल्ली फोन घेऊनच येतात, तेव्हा गणिताला कोणतं साधन द्यावं हा प्रश्न मला गेल्या पावसाळ्यातच सोडवावा लागला. नववीच्या भाग १ मधला तिसरा धडा, ‘बहुपदी’, तेव्हा नुकताच सुरू झाला होता.

मुलं आधी फोटो काढून पायऱ्या दाखवणारं एक ॲप वापरत होती. त्याचं नाव घेत नाही. शेजारच्या मुलाच्या वहीतला घातांक त्याने साधा आकडा म्हणून वाचला आणि भलत्याच बहुपदीच्या नऊ पायऱ्या सुबक मांडून दिल्या. मुलाने त्या तशाच उतरवल्या. नववीतलं पोर छापील दिसणाऱ्या पायऱ्यांवर शंका घेत नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच.

मग मी जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरचा सीएएस कॅल्क्युलेटर आणला. सीएएस म्हणजे नुसत्या आकड्यांवर नाही, तर अक्षरांच्या राशींवरही क्रिया करणारा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये पदव्युत्तर प्रबंधासाठी जिओजेब्रा सुरू केलं. ब्राउझरमध्ये चालतं, खातं उघडावं लागत नाही, आमच्यासारख्यांना पैसे पडत नाहीत. फोनवर ॲप एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. आमच्याकडे पावसात नेट जातं, त्यामुळे याचा फार उपयोग झाला.

या कॅल्क्युलेटरला ‘फॅक्टर’ असं इंग्रजीत लिहून कंसात बहुपदी दिली की तो अवयव देतो. फक्त उत्तर, मधलं काही नाही. ‘एक्सपांड’ने कंस सुटतात. ‘डिव्हिजन’ लिहून भाज्य आणि भाजक स्वल्पविरामाने दिले की भागाकार आणि बाकी महिरपी कंसात शेजारी शेजारी येतात. सुरुवातीला मलाही वाटलं, पायऱ्या नाहीत तर मुलांना काय कळणार? आता माझं मत पक्कं उलटं झालं आहे. त्याचं कारण एका संध्याकाळचं गणित.

(पुस्तकातल्या एक्सला मी इथे क्ष लिहिते. ^ ही टोपी म्हणजे घात. कॅल्क्युलेटरमध्येही तीच टोपी टाइप करायची.)

क्ष^३ − ७क्ष + ६ ला क्ष − २ ने संश्लेषक पद्धतीने, म्हणजे फक्त सहगुणक (पदांमधले आकडे) मांडून, भागायचं होतं. भाचीने सहगुणक मांडले : १, −७, ६. पहिला १ खाली उतरवला, २ ने गुणून −७ मध्ये मिळवले, −५ आले. पुन्हा गुणून ६ मध्ये मिळवले, −४. म्हणजे भागाकार क्ष − ५, बाकी −४. कॅल्क्युलेटर म्हणाला, भागाकार क्ष^२ + २क्ष − ३ आणि बाकी ०. पायऱ्या समोर असत्या तर तिने खोडून उतरवून घेतल्या असत्या. त्या नव्हत्या, म्हणून ती दोन्ही उत्तरांकडे बघत बसली. मी भाजी निवडत होते, मुद्दाम बोलले नाही. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मावशी, त्याच्या उत्तरात वर्ग आहे, माझ्यात नाही. तिसऱ्या कोटीला पहिल्या कोटीने भागलं तर दुसरी कोटी यायला पाहिजे ना?” (कोटी म्हणजे बहुपदीतला सर्वांत मोठा घात.) आणि मग तिलाच दिसलं की क्ष^२ चं पद नाही, तिथे शून्य मांडायला हवा होता. १, ०, −७, ६. पुन्हा केलं, बाकी शून्य. त्याच ओघात तिने क्ष^२ + २क्ष − ३ चेही अवयव पाडले आणि (क्ष − १)(क्ष − २)(क्ष + ३) वर येऊन थांबली. त्यानंतर सहगुणक रूप लिहिताना तिचा शून्य चुकलेला मी पाहिला नाही.

शेष सिद्धांताला तर हे साधन फारच जुळतं. क्ष − २ ने भागल्यावर उरणारी बाकी ही क्ष च्या जागी २ ठेवून येणारी किंमतच असते, हा तो सिद्धांत. बहुपदीला एक नाव द्यायचं, म्हणजे पी आणि कंसात एक्स लिहून मग अपूर्णविराम-बरोबर (:=) आणि पुढे बहुपदी. मग नुसतं पी आणि कंसात २ लिहिलं की किंमत येते. मुलं १, −१, २, −२, ३ अशा किमती भराभर घालून बघतात. कुठे शून्य आलं, म्हणजे बाकी उरली नाही, की अवयव सिद्धांताने कंस सापडला! हातानेही तेच करायचं असतं, पण दहा किमती काढताना मुलं थकतात आणि सिद्धांत बाजूलाच राहतो.

एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. ‘फॅक्टर’ परिमेय संख्यांपुरतेच अवयव पाडतो. क्ष^२ − २ दिलं तर ते जसंच्या तसं परत येतं. मुलं म्हणाली, याला येत नाही. तीच आज्ञा आधी आय हे अक्षर जोडून दिली की (क्ष + √२)(क्ष − √२) मिळतात. या एका उदाहरणावर आमची त्याआधीच्या ‘वास्तव संख्या’ धड्याची पूर्ण उजळणी झाली : अवयव पडतात की नाही, हे तुम्ही कोणत्या संख्या चालवून घेता त्यावर ठरतं. दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

टाइप करताना मात्र जपावं लागतं. भागाकाराची तिरकी रेघ दाबली की अपूर्णांक तयार होतो आणि कर्सर छेदातच राहतो. १/२ लिहून पुढे लगेच क्ष लिहिला तर तोही छेदात जातो. उजवीकडचा बाण दाबून बाहेर यायचं. आमच्याकडे नियम आहे की एंटर दाबायच्या आधी पडद्यावरची राशी मोठ्याने वाचायची. आज्ञा इंग्रजीत असल्याचा त्रास आठवडाभर झाला, पुढे नाही.

दहावीच्या दोघांसाठी त्याच मंडळींचा आलेखाचा कॅल्क्युलेटर वापरते. क्ष^२ − ४क्ष + के असं लिहिलं की के साठी सरकपट्टी आपोआप येते. के ३ असताना वक्र आडव्या अक्षाला १ आणि ३ वर छेदतो, ४ ला फक्त २ वर टेकतो, ५ ला वरच राहतो. विवेचक, म्हणजे वर्गसमीकरणाला किती वास्तव उत्तरं आहेत हे सांगणारी राशी, इथे १६ − ४के. तो धन, शून्य, ऋण असण्याचा अर्थ सरकपट्टीवर बोट फिरवताना त्यांना दिसला. पुस्तकातला तीन ओळींचा तक्ता पाठ करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

सगळ्यांना आवडलेलं गणित मात्र परीक्षेबाहेरचं निघालं. शेजारच्या मुलाने सहज क्ष^४ + ४ टाकलं. दोन वर्गांच्या बेरजेचे अवयव पडत नाहीत अशी त्याची खात्री होती. उत्तर आलं : (क्ष^२ + २क्ष + २)(क्ष^२ − २क्ष + २). पाचही जण गप्प झाले. गुणून पाहिलं तर बरोबर. मग हे सुचलं कसं? दोन संध्याकाळी त्यावर गेल्या. ४क्ष^२ मिळवायचे आणि वजा करायचे, की (क्ष^२ + २)^२ − (२क्ष)^२ होतं, आणि पुढे दोन वर्गांच्या वजाबाकीचं ओळखीचंच सूत्र. ही युक्ती फ्रान्सच्या सोफी जर्मेन (१७७६–१८३१) यांच्या नावाने ओळखली जाते, हे मी सांगितलं तेव्हा भाचीने ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं.

परवा तिने स्वतःहून क्ष^५ − क्ष − १ दिलं. अवयव पडले नाहीत. संख्येत उत्तर मागितलं तेव्हा सुमारे १.१६७३ आलं. “याचं नेमकं रूप काय?” तिने विचारलं. पाचव्या कोटीसाठी वर्गसमीकरणासारखं मूळचिन्हांचं एकच सूत्र असू शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेल यांनी १८२४ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी सिद्ध केलं, एवढं मी सांगितलं. “नाही हे कसं सिद्ध करतात?” तिचा पुढचा प्रश्न. माझं बीएस्सीचं पुस्तक माळ्यावर आहे. रविवारी काढणार आहोत.