कुत्र्याचं ताट, टायमर आणि कोकणातली हवा: दोन फीडर वापरून पाहिल्यावर

कुत्र्याला आपोआप खायला घालणारी भांडी बाजारात दोन प्रकारची मिळतात. एक साधं, सहाशे-सातशे रुपयांचं. वर डबा, खाली ताटली. कुत्र्याने खाल्लं की वरचे दाणे आपल्या वजनाने खाली घसरतात. लाईट नको, सेल नकोत, दिवसभर ताटली भरलेली. दुसरं टायमरचं, चार हजारांच्या आसपास. वेळ लावायची, माप लावायचं, मोबाईलवरून बघत बसायचं. पुण्यातल्या आमच्या चिरंजीवांनी आधी पहिलं पाठवलं, मग दुसरं. वेंगुर्ल्याला उभादांड्यात आमचं घर, समुद्राची गाज ऐकू येते एवढ्या अंतरावर, आणि दोन्ही भांडी भर पावसाळ्यातही वापरून झाली आहेत. म्हणून लिहितेय. इंटरनेटवरचे बहुतेक अभिप्राय एसी फ्लॅटमधले असतात, त्यांचा आपल्याला उपयोग शून्य.

निकाल आधीच सांगते. घसरत्या डब्याला पाचपैकी एक तारा. टायमरवाल्याला साडेतीन.

आता खाणारी मंडळी. चिमी गावठी, अंगाने सडपातळ, दोन घास खाऊन अंगणात फेरी मारून येणारी. बंड्या लॅब्रेडॉर. मुलाने हौसेने घेतला आणि नोकरी लागल्यावर आमच्या पदरात टाकला. चिमी एकटी होती तेव्हा तिचं ताट दिवसभर ओटीवर असायचं आणि तिचं काही बिघडलं नाही. पोट भरलं की ती थांबते. दिवसभर खाणं समोर ठेवलं की कुत्रं लठ्ठ होतंच असं नाही, हे मी आमच्या ओटीवर पाहिलंय. पण थांबणं हा शब्द बंड्याच्या कोशात नाही. यात त्याचा सगळाच दोष नाही म्हणे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांचा जीव खाण्यात जास्त असतो. बंड्याचं जनुक कोणी तपासलेलं नाही, पण फणसाची आठळी पडल्याचा आवाज तो झोपेत ऐकतो, मला तेवढा पुरावा पुरे.

तर घसरता डबा. तो आला तेव्हा बंड्याने तो एका बैठकीत रिकामा केला नाही, एवढंच त्याच्या बाजूने बोलता येईल. दिवसभर जाता-येता खायचा. चिमीच्या वाट्याचंही तोच खायचा, कारण डबा एक आणि तोंडं दोन. आमच्या काजू कारखान्यात पोती तोलायचा काटा आहे, मी तिथे हिशेब बघते. एका रविवारी बंड्याला त्यावर उभा केला. ३८ किलो! कामगार बायका हसल्या, एकीने विचारलं, "गर काढून की बोंडासकट?"

तरीही मी डब्याला एकच तारा देते तो वजनामुळे नाही. हवेमुळे देते. मृगाचा पाऊस सुरू झाला की इथे मीठ पाझरतं, पापड लोळतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. मग त्या कोरड्या दाण्यांचं काय होणार? आषाढात डब्याच्या गळ्याशी दाणे ओल धरून फुगले आणि एकमेकांना चिकटले. वरून डबा अर्धा भरलेला, खाली ताटली रिकामी, आणि बंड्या डब्यावर पंजे मारतोय. डबा उपडा करून सुरीच्या मुठीने ठोकला तेव्हा मुठीएवढा गोळा निघाला, आतून करडी बुरशी. वास खवट. या दाण्यांवर वरून चरबी फवारलेली असते, ती उघड्या हवेत खवट होते. बुरशी आलेलं खाणं तर सरळ फेकायचं, वरवर पुसून घालायचं नाही. बुरशीचं विष यकृतावर जातं आणि ते चवीला कळत नाही.

मग मुंग्या. पाण्याने भरलेल्या परातीत डबा ठेवला, जसे जाळीच्या कपाटाचे पाय वाटीत ठेवतात तसा. मुंग्या थांबल्या, पण बंड्या परातीतलं पाणी पिऊन टाकायचा. खडू ओढायचा सल्ला शेजारून आला. कुत्र्याच्या ताटाजवळ तो ओढू नका, कीटकनाशकच असतं ते.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे रात्री. ताटली भरलेली, ओटी उघडी, म्हणजे उंदरांना निमंत्रण. आमच्या सिंधुदुर्गात हे हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. लेप्टोचा ताप उंदराच्या मुतातून पसरतो, लावणीच्या दिवसांत शेतात उतरणाऱ्यांना त्यासाठी गोळ्या वाटतात. तो कुत्र्यांनाही होतो. त्यांच्यासाठी लस असते, दरवर्षी द्यावी लागते, पण लस दिली म्हणून उंदराला ताट मांडून ठेवायचं का? सकाळी ताटलीशेजारी लेंड्या दिसल्या आणि त्याच दिवशी डबा उचलला. आता तो परसात कोंबड्यांच्या खुराड्याजवळ आहे. रोजच्या रोज भरला आणि संध्याकाळी आत घेतला तर कणीसाठी उत्तम चालतो. तो एक तारा कोंबड्यांनी दिलाय असं समजा.

त्यानंतर बंड्याला दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी बरगड्या चाचपल्या. बरगड्या बोटांना लागायला हव्यात, दिसायला नकोत. बंड्याच्या शोधाव्या लागल्या. लठ्ठपणा मोजायच्या नऊ अंकांच्या पट्टीवर चार-पाच म्हणजे ठीक, आमचा आठवर. मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला, तो मला फार आवडला, कारण हिशेब हा माझा विषय. बंड्याला ३० किलोपर्यंत आणायचं, आणि ३० किलोच्या कुत्र्याला नुसतं जगायला रोज साधारण ९०० कॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर तेवढ्याच द्यायच्या. आमच्या पिशवीवर १०० ग्रॅमला ३६० कॅलरी छापलेल्या, म्हणजे दिवसाला २५० ग्रॅम, सकाळी १२५, संध्याकाळी १२५. वाटीने नाही, काट्यावर मोजून. वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या वर नाही. हे आकडे बंड्याचे आहेत, तुमच्या कुत्र्याचे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.

दोनच वेळा का, एकदाच का नाही, हेही मी विचारलं, कारण ह्यांचं म्हणणं की पूर्वीची कुत्री एकदाच जेवायची. पूर्वीची कुत्री दिवसभर गावभर काय काय खायची ते कोणी मोजलं होतं? पण खरं कारण वेगळं आहे. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांनी एकदाच भरपूर आणि अधाशासारखं खाल्लं तर पोटात हवा भरून जठर पिरगळण्याचा धोका वाढतो. पोट टम्म, उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही. असं दिसलं की सकाळची वाट न बघता तेव्हाच डॉक्टर गाठायचा. पिल्लांचं गणित निराळं. चार महिन्यांपर्यंत तीन-चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीनदा, मग दोनदा.

मुलाला कागदाचा फोटो पाठवला आणि आठवड्याच्या आत टायमरवाला फीडर हजर. कारण उघड होतं. कारखान्याच्या हंगामात मी सकाळी लवकर निघते, हे बागेत असतात, आणि सासूबाईंच्या हातात माप दिलं तर १२५ चे ३०० होतात. सासूबाईंनी यंत्र बघून विचारलं, "अगो, कुत्र्याक घड्याळ कशाक व्हया? भूक लागली की तो आपणच सांगतलो." तो सांगतोच, दर अर्ध्या तासाने सांगतो, तोच तर प्रश्न आहे.

यंत्राबद्दल. वर झाकण, त्याला रबराची कडी, आत ओल शोषणाऱ्या पुडीसाठी खण. झाकण घट्ट बसतं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तरी पावसाळ्यात मी यात तीन-चार दिवसांचंच भरते. बाकीची पिशवी तोंड चिमटून पत्र्याच्या डब्यात. दाणे पिशवीतून काढून थेट डब्यात ओतू नयेत, डब्याच्या जुन्या तेलकटपणाने नवेही खवटतात.

माप 'भागां'त लावायचं असतं आणि एक भाग दहा ग्रॅमचा, असं पुस्तिका म्हणते. मी काट्यावर तोलून पाहिलं. कधी ९, कधी १४. दाण्याच्या आकारावर जातं ते. बारा भाग लावले की बेरीज १२५ च्या आगेमागे येते, पण तोलून न बघता पुस्तिकेवर विसंबू नका. याचा अर्धा तारा कापला.

लाईट गेली तर? इथे हा पहिला प्रश्न. खाली मोठे तीन सेल बसतात, बॅटरीचे असतात ते, आणि वेळापत्रक यंत्राच्या पोटातच साठवलेलं असल्याने लाईट आणि वायफाय दोन्ही गेले तरी जेवण वेळेवर पडतं. मोबाईलवर मात्र यंत्र गायब दिसतं आणि पुण्याहून फोन येतो, "आई, बंड्या जेवला का?" आम्ही जेवलो का हे विचारणं नंतर. खाऱ्या हवेने सेलच्या खणातल्या स्प्रिंगा गंजू लागल्यात. अधूनमधून सेल काढून कोरड्या फडक्याने पुसते. आणखी अर्धा तारा तिथे गेला.

आवाज भरायची सोय आहे. मुलाने स्वतःच्या आवाजात "बंड्या, ये, जेवायला ये" भरून ठेवलं होतं. पहिल्या सकाळी साडेसहाला यंत्र बोललं. बंड्या जेवण सोडून यंत्राच्या मागे मुलाला शोधत बसला, आणि सासूबाई पदर सावरत बाहेर, नातू रात्रीच्या गाडीने आला म्हणून चहा टाकायला निघालेल्या. तो आवाज त्याच दिवशी पुसला. आता नुसती घरघर होते, बंड्याला तेवढी पुरते.

यंत्राची ताटली अरुंद आणि खोल. बंड्या त्यात तोंड घालून न चावता गिळतो. मी ती काढून खाली स्टीलची मोठी परात ठेवली. दाणे पसरतात, वेचून खावे लागतात, वेळ लागतो. आणि ओलं काही यात घालता येत नाही. म्हणजे पेजेचा भात, नाचणीची भाकरी, काटा काढलेला उकडलेला बांगडा, हे सगळं हातानेच. आमच्याकडे संध्याकाळचं जेवण हातानेच होतं, त्या दिवशी दाणे तेवढे कमी. मसाल्याच्या कालवणातला भात कुत्र्याला घालू नका, त्यातला कांदा-लसूण त्याच्या रक्ताला वाईट. हे मी घरात दर आठवड्याला सांगते. अजून एक तारा या ओल्याच्या अडचणीचा, पण अर्धा परत देते, कारण यंत्राचा मुख्य गुण अजून सांगायचाय.

चिमीला आता वेगळ्या खोलीत, स्टीलच्या थाळीत, त्याच वेळेला देतो. वीस मिनिटांनी थाळी उचलतो, उरलेलं असो नसो. सुरुवातीला ती नाक मुरडायची, मग वेळ कळली. श्रावणात एका सकाळी तिची थाळी जशीच्या तशी. संध्याकाळीही. ताप नव्हता, शेपूट हलत होती, बाकी काही दिसत नव्हतं. हिरड्या मात्र फिक्या वाटल्या. दवाखान्यात रक्त तपासलं तर गोचिडताप. लवकर आणली म्हणून गोळ्यांवर भागलं, असं डॉक्टर म्हणाले. डबा ओटीवर असता तर तिचा वाटा बंड्याने फस्त केला असता आणि ताटली रिकामी बघून आम्ही म्हटलं असतं, जेवली. दोन कुत्री असलेल्या घरात वेळेवर आणि वेगवेगळं घालायचं, यावर मी आता कोणाशी वाद घालत नाही.

मोकळ्या ताटाची बाजू घेणाऱ्यांना विचारायला एक गोष्ट ठेवलीय. २००२ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, ४८ लॅब्रेडॉर, भावंडांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा चतुर्थांश कमी खाणं, जन्मभर. कमी खाणारी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली, आणि सांधेही उशिरा धरले. बंड्या आता ३२ वर आहे. मे महिन्यात एक किलो परत चढलं, कारण बागेत पडलेले आंबे कुठल्याच टायमरला कळत नाहीत. आंबा एकवेळ पचेल, कोय आतड्यात अडकते. म्हणून आंब्याच्या दिवसांत बंड्या साखळीला.

घ्यायचाच असेल तर तीन गोष्टी बघा. झाकणाला रबर आहे का, सेलवर चालतो का, आणि दाणे सोडणारं चाक काढून धुता येतं का. आमच्याचं येतं, चार दिवसांनी धुऊन चुलीजवळ सुकवते, पूर्ण कोरडं झाल्याशिवाय परत बसवत नाही. घरात दिवसभर कोणी असेल आणि ते कोणी सासूबाई नसतील, तर यंत्राची गरज नाही. दोन थाळ्या, एक काटा आणि भिंतीवरचं घड्याळ बास. बंड्याच्या बाबतीत आम्ही ठेवलंय, कारण यंत्राला त्याच्या डोळ्यांकडे बघून पाझर फुटत नाही. सासूबाईंच्या चहातली खारी अजून त्याच्या पोटात जातेच. ती मी २५० मधून वजा करते.