११ महिने, ९,४०० किलोमीटर: सेकंडहँड स्विफ्ट झेडएक्सआय पेट्रोल, मॉडेल २०१५

गाडी दुसऱ्या मालकाची, पेट्रोल, मॅन्युअल. घेताना मीटरवर ५८ हजार, किंमत ३ लाख ६५ हजार. वापर पुण्यात शाळा-ऑफिस-भाजी असा रोजचा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी ताम्हिणी किंवा खंबाटकी घाट ओलांडून बाहेरगावी. बसणारी माणसं दोन मोठी, एक लहान, अधूनमधून आजी-आजोबा.

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बोनेट उघडून इंजिनाकडे टक लावून बघतो. या गाडीत सगळ्यात कमी बघायची गोष्ट तीच. १,१९७ सीसीचं के-सिरीज चार सिलिंडरचं इंजिन, टायमिंगला बेल्ट नाही तर चेन, गावोगावच्या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेलं. वेळेवर ऑइल मिळालं असेल तर ५८ हजार म्हणजे काहीच नाही. दहा वर्षांत खरं म्हातारं होतं ते रबर: टायर, बुश (सांध्यांमधले रबरी तुकडे), माउंटिंग (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारे रबरी ठोकळे), दरवाज्यांच्या पट्ट्या. स्विफ्ट चालवायला मजेची म्हणतात, ती मजा याच रबरात असते. ते गेलं की हीच गाडी खडखडणारा डबा वाटते, आणि विकणारा तिला त्याच अवस्थेत विकत असतो. घेणाऱ्याने हे ओळखलं तर भावही पाडता येतो आणि गाडीही नीट होते.

झेडएक्सआयच का

दुसऱ्या पिढीची स्विफ्ट भारतात ऑगस्ट २०११ मध्ये आली, ऑक्टोबर २०१४ मध्ये तिचा चेहरा थोडा बदलला आणि २०१८ च्या सुरुवातीला तिसरी पिढी आली. बाजारात भरमसाट मिळतात त्या एलएक्सआय आणि व्हीएक्सआय, म्हणजे खालचं आणि मधलं मॉडेल; झेडएक्सआय सगळ्यात वरचं. जुन्या व्हीएक्सआयमध्ये सहसा एअरबॅग नसतात; दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवं तर झेडएक्सआय शोधावी लागते. भावात फरक पडतो चाळीस-पन्नास हजारांचा. घरात लहान मूल असेल तर हे पैसे वाचवू नयेत. गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये एअरबॅग नसलेली स्विफ्ट आपटून पाहिली तेव्हा मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. एअरबॅग असल्या म्हणून सांगाडा आजच्या गाडीसारखा होत नाही, हेही लक्षात असू द्या.

एअरबॅग खरंच आहेत का, हे तपासायला पाच सेकंद लागतात. इग्निशन चालू करा, इंजिन नको. डॅशबोर्डवर एअरबॅग, एबीएस आणि चेक इंजिनचे दिवे लागले पाहिजेत. एअरबॅग आणि एबीएसचे काही सेकंदांत विझतात, चेक इंजिनचा इंजिन सुरू झाल्यावर. दिवा लागलाच नाही तर तो "सगळं ठीक" असल्याचा पुरावा नसतो. उलट एअरबॅग फुटून गेलेली असेल आणि कुणीतरी दिव्याची सोय लावली असेल.

डिझेलचा मोह आवरा. १.३ डिझेलला १९० न्यूटन-मीटर जोर आहे, हायवेला सुरेख चालते. पण महिन्याला हजार किलोमीटरही होत नसतील तर टर्बो आणि इंजेक्टरचं एकच बिल वाचवलेलं सगळं डिझेल खाऊन टाकतं. दिल्ली भागात जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांचा भाव ऐकून हुरळू नका: महाराष्ट्रात नवी नोंदणी करताना रोड टॅक्स भरावा लागतो, तो किमतीत धरल्यावर बरीच स्वस्ताई उरत नाही.

डिकी मोठी हवी असेल तर मात्र होंडा जॅझ बघा, हा प्रामाणिक सल्ला. तिची डिकी ३५४ लिटरची, स्विफ्टची २०४. स्विफ्टमध्ये दोन मोठ्या बॅगा आणि मुलाची घडीची गाडी एकत्र मावत नाही. एक काहीतरी मागच्या सीटवर येतं. मागे खिडकीची चौकट वर चढत गेल्यामुळे लहान मुलांना बाहेरचं कमी दिसतं, आणि मग "कधी येणार"चा जप लवकर सुरू होतो.

बघताना काय बघितलं

सकाळी, इंजिन थंड असताना. मालकाने "गरम करून ठेवली आहे" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी जावं. थंड इंजिन सुरू करताना मागून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, ती गाडी सोडून द्यावी. सुरू होताना क्षणभर चेनचा आवाज येऊन बंद झाला तर चालतो, पण येतच राहिला तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही. आयडलिंग वरखाली होत असेल तर बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) काजळलेली असते. हजार-बाराशेचं काम, पण भाव करताना तोंडी ठेवावं.

क्लचसाठी चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा चढला आणि वेग तिथेच राहिला तर क्लचप्लेट घसरते आहे. मग खराब रस्त्यावर खिडक्या खाली करून २० च्या वेगाने चालवा. पुढून बारीक "खट खट" आली तर लिंक रॉड (सस्पेन्शनची जोडदांडी), ब्रेक मारताना एकच "ठक" आली तर लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, जागेवर स्टिअरिंग फिरवताना "करकर" झाली तर स्ट्रटच्या (पुढच्या शॉकअपच्या) वरचं माउंटिंग किंवा बेअरिंग. ६० च्या पुढे भुंग्यासारखा आवाज येऊन वळणावर कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग.

अपघात शोधायला मायक्रॉन मोजणारं यंत्र मिळतं. कंपनीचा रंग साधारण ८० ते १४० मायक्रॉन भरतो, २०० च्या वर म्हणजे रंगाचा दुसरा हात, ५०० च्या वर म्हणजे खाली लांबी (पुट्टी) भरलेली. यंत्र नसेल तर डोळे पुरतात. सगळ्या काचांवरच्या खुणा एकाच वर्षाच्या हव्यात. दरवाज्याची रबरी पट्टी ओढून काढा आणि खांबावरचे स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे बघा. सारख्या अंतरावर, स्वच्छ हवेत. स्टेपनी उचलून डिकीचा तळ बघा. बोनेटच्या बोल्टवरचा रंग खरवडलेला दिसला तर एवढंच कळतं की बोनेट निघालं होतं. पण रेडिएटरसमोरच्या पट्टीचे बोल्टही तसेच असतील तर पुढून धडक बसलेली आहे.

पूर बघितलेली गाडी वेगळीच. कोल्हापूर-सांगलीला २०१९ मध्ये आणि चिपळूणला २०२१ मध्ये पाण्याखाली गेलेल्या गाड्या अजून फिरतात, धुऊनपुसून. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या फुटावर गाळाची रेघ असेल तर बाकी काही बघू नका. सीटखालच्या रुळांचा गंज आणि कार्पेटखालचा वास या दोन गोष्टीही लपवता येत नाहीत. कोकणातल्या गाडीला दरवाज्याच्या खालच्या कडा आणि सायलेन्सरचे जोड बघावेत.

मीटर मागे केलंय का, हे ओळखायला पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची चकाकी बघा. ५० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं ब्रेक पेडल गुळगुळीत नसतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरला नंबर सांगून मालकासमक्ष सर्व्हिसचा इतिहास काढून घेतला तर वाद मिटतो.

कागद

सरकारच्या वाहन पोर्टलवर नंबर टाकून कर्ज, विमा आणि पीयूसी बघा, ई-चलनं वेगळी. कर्ज फिटलेलं असूनही आरसीवर बँकेचं नाव असतं, ते नमुना ३५ आणि बँकेच्या पत्राने निघतं. हे काम विकणाऱ्याने आधी करावं, "नंतर करू" वर पैसे देऊ नयेत. नाव बदलायला नमुने २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली गाडी असेल तर नमुना २८ चं ना हरकत प्रमाणपत्र. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट) गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यामुळे जुन्या मालकाचा हप्ता बघून आपला हिशेब करू नका. जुना फास्टॅग मालकाकडून बंद करून घ्या, नाहीतर नवा निघत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी लागलेली आहे का, तेही बघा. आणि दोन चाव्या मागा. बटण-स्टार्टच्या गाडीची दुसरी चावी करायला चांगले पैसे मोजावे लागतात.

आरसीची मुदत १५ वर्षं. २०१५ ची गाडी २०३० पर्यंत निवांत. पुढे फिटनेस, नूतनीकरण आणि पर्यावरण कर. २०१२ ची गाडी पन्नास-साठ हजारांनी स्वस्त दिसते, पण तिची तीन वर्षं आधीच गेलेली असतात.

पहिल्या महिन्याचं बिल

चार टायर (१८५/६५ आर१५) २०,४००. पुढचे लिंक रॉड, लोअर आर्मचे बुश आणि स्ट्रट माउंटिंग, मजुरी आणि अलाइनमेंट धरून ९,८००. इंजिन ऑइल (५डब्ल्यू-३०, फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास), एअर फिल्टर, चार प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल मिळून ६,३००. बॅटरी ४,१००. एकूण ४०,६००. म्हणजे गाडी ३ लाख ६५ ची नव्हे, ४ लाख ५ हजाराची. हे पैसे बाजूला नसतील तर किमतीनेच चाळीस हजार खाली उतरा.

टायरची नक्षी शाबूत होती, तरी बदलले. कडेवरचे शेवटचे चार आकडे २३१७ होते: २०१७ चा तेविसावा आठवडा. एवढं जुनं रबर दगडासारखं होतं. कोरड्यात चालून जातं, पहिल्या पावसात ब्रेक मारल्यावर कळतं. रुंद टायरचा हट्ट असेल तर १९५/६० पर्यंत ठीक, व्यासात एक टक्क्याचा फरक पडतो. त्याहून रुंद घातले की स्टिअरिंग जड आणि ॲव्हरेज खाली.

बुश आणि माउंटिंग बदलल्यावरचा फरक बिलाच्या मानाने फार मोठा आहे. वजन टनाच्या आत, त्यामुळे वळणावर नाक सांगितलं तिकडे वळतं. ताम्हिणीत तिसरा गिअर, तीन ते साडेचार हजार आरपीएम, हा या गाडीचा आवडता पट्टा. त्याखाली मात्र मवाळ: चार माणसं, एसी आणि चढ असेल तर दोन हजार आरपीएमवर काही मिळत नाही, दुसरा टाकावाच लागतो. डिझेलवरून आलेल्यांना हे सुरुवातीला खटकेल. उतारावर दुसऱ्या-तिसऱ्यात ठेवली तर इंजिनच धरतं, ब्रेकला वास येत नाही. पेठांच्या गल्लीत ४.८ मीटर त्रिज्येच्या वळणाचा उपयोग रोज होतो.

ॲव्हरेज टाकी ते टाकी मोजलेलं: शहरात १२.५ ते १४, हायवेला ८०-९० च्या वेगाने १८-१९. सगळं मिळून १५.२, म्हणजे ६१८ लिटर, साधारण ६५ हजारांचं पेट्रोल. कागदावरचा २०.४ चा आकडा विसरा. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. ॲव्हरेज थोडं कमी होतं ते सोसावं. इंधनाच्या रबरी नळ्या मात्र प्रत्येक सर्व्हिसला बघून घ्याव्यात आणि भेग दिसली की बदलाव्यात. गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवलेली बरी, ओल धरायला जागा राहत नाही.

पावसाळ्यात

पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं अडकतात आणि पाणी आत यायची वाट शोधतं. जूनच्या आधी ती साफ करायची, दरवाज्यांच्या खालची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करायची. डावीकडचं कार्पेट ओलं झालं तर छतातून गळतंय असं समजू नका. एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असते, खालून हवा मारली की दहा मिनिटांत सुटते. सोसायटीत उंदीर असतील तर इंजिनाच्या वायरी हे त्यांचं आवडतं खाणं. तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, सगळे उपाय लोक करतात. भरवशाचा उपाय म्हणजे गाडी रोज चालवणं आणि बोनेटखाली जाळी लावणं.

११ महिन्यांत गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. दुसरी सर्व्हिस ३,८०० ची, वायपर ब्लेड ७००, थ्रॉटल बॉडीची सफाई १,१००. मागच्या ड्रममधून सकाळी पहिल्या ब्रेकला "कुंई" येते. साफ केल्यावर दोन महिने गप्प होती, आता परत सुरू झाली आहे. मीटर ६७,४०० वर आहे. ७० हजाराला ड्रम उघडून लायनर बघायचे, गिअर ऑइल बदलायचं, आणि मागच्या शॉकअपमधून तेल पाझरतंय असं मेकॅनिक म्हणतो, तेव्हा ती जोडीही त्याच वेळी.