अँटिरियर म्हणायचं की व्हेंट्रल?

शरीररचनेत अँटिरियर म्हणजे पुढचं, व्हेंट्रल म्हणजे पोटाकडचं. माणसाच्या बाबतीत दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच. आपण दोन पायांवर उभे, तळवे पुढे. पोट पुढच्याच बाजूला. त्यामुळे छातीचं हाड अँटिरियर म्हणा की व्हेंट्रल, बोट तिथेच जातं.

आता गायीकडे या. तिचं पोट जमिनीकडे आणि पुढे डोकं. म्हणजे अँटिरियर तोंडाकडे आणि व्हेंट्रल खाली, अशा दोन वेगळ्या दिशा झाल्या. म्हणूनच पशुवैद्य धडाबद्दल बोलताना पुढच्या-मागच्याऐवजी क्रेनियल-कॉडल, म्हणजे कवटीकडचं-शेपटीकडचं, असं म्हणतात. डोक्यापुरतं मात्र क्रेनियल चालत नाही, कारण आपण कवटीतच असतो! तिथे नाकाकडे म्हणून रोस्ट्रल.

अँटिरियर हा शब्द प्राणी कसा उभा आहे यावर टेकलेला, तर व्हेंट्रल थेट पोटावरून आलेला (लॅटिनमध्ये व्हेंटर म्हणजे पोट). तुलनात्मक शरीररचनेसाठी मला व्हेंट्रलच भरवशाचा वाटतो.

पण माणसात तोही फसवतो, आणि त्याचा उलट शब्द डॉर्सल, म्हणजे पाठीकडचं, तोही. मज्जारज्जूत डॉर्सल म्हणजे पाठीमागे. मेंदूच्या पुढच्या भागात मात्र डॉर्सल म्हणजे वर, कारण मध्यमेंदूपाशी मज्जारज्जू-मेंदूचा अक्ष वाकतो. पावलाचं डॉर्सम तर वरची बाजू! डॉर्सालिस पेडिस या पावलाच्या धमनीची नाडी तिथेच लागते. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असाल तर हातापायांसाठी अँटिरियर पाठ करा, मेंदूला आलात की डॉर्सल-व्हेंट्रल नव्याने शिका.